बिनवासाची मेणबत्ती

आईला उदबत्तीचासुद्धा वास सोसत नाही, लगेच धाप लागते. म्हणून वीज गेली की आमच्याकडे साधी, बिनवासाची मेणबत्ती लागते आणि ते खातं माझ्याकडे. उंदीर मेणबत्त्या कुरतडतात, म्हणून यंदा त्या मी वर्षाचं तिखट संपलेल्या डब्यात ठेवल्या. उंदरांना कसं फसवलं, ते घरभर सांगितलंही.

परवा संध्याकाळी वीज गेली. मी मेणबत्ती पेटवली आणि तिला चिकटलेलं तिखट ज्योतीत जळलं. बायको खोकली, मी खोकलो, आईला तर श्वासच पुरेना. मी मेणबत्ती विझवली, आईला हाताला धरून बाहेर ओट्यावर आणलं, धापेचा पंप दिला. मग मला काही बसवेना. दोन येरझाऱ्या घालायच्या आणि वाकून तिची छाती बघायची, असं चाललं होतं.

"वास नही म्हने! मंग हाऊ ठसका कसाना रे भाऊ?" आई अखेर बोलली. "मन्हाकडे काय देखस? जाय, ती मेणबत्ती धोई टाक."

तिला बोलता येतंय, एवढ्यानेच मी मोरीकडे पळालो. अंधारात हाताला लागला तो साबण घेऊन मेणबत्ती चोळून चोळून धुतली. मागून बायको म्हणाली,

"अहो, तो चंदनना साबन शे."