आबांच्या तोंडाची लाली

आमच्या वस्तीत बी.ए. झालेला मी पहिला माणूस. मेंढरांमागं चालणाऱ्याचा पोरगा हैदराबादच्या कॉलेजात इंग्रजी वाचून पास झाला, हे मी आजही मान ताठ करून सांगतो. त्याच पोरानं चावडीवर बापाला काय करायला लावलं, ते मात्र इतकी वर्षं गावाबाहेर कुणाला सांगितलं नाही.

आमचं गाव घाटनांदूरपासून कोसभर. आबांचं, म्हणजे वडिलांचं, तोंड मला आठवतं तेव्हापासून लालच. आधी नुसते गाल. मग नाकही धरलं, वर बारीक पुटकुळ्या आल्या, आणि नाकाच्या कडेनं कातडीखाली लाल धाग्यांसारख्या शिरा दिसायला लागल्या. उन्हातून आले की तोंड नुसतं पेटलेलं असायचं. गावात शिंदीच्या दारूचं दुकान होतं आणि तिथल्या मुरलेल्या गिऱ्हाइकांची नाकं तशीच लाल. मग लोकांना काय, विषयच मिळाला.

"काय गड्या, सकाळपारीच?"

"व्हय, मेंढीचं दूध लई चढतंय बग," आबा हसून म्हणायचे आणि पुढं जायचे. मला हसू यायचं नाही. इतके लोक म्हणतात त्यात काहीतरी असणारच, असं मी लहानपणापासून मनात धरून बसलो होतो.

पास होऊन आलो तेव्हा पाटलांनी चावडीवर मला फेटा बांधला. आबांनी बोकड कापला, चावडीपुढंच पंगत बसली. चैत्रातली दुपार, डोक्यावर ऊन, आणि पत्रावळीवर कढत, झणझणीत रस्सा. दोन घास खाल्ले नाहीत तोच आबांचं तोंड कधी नव्हे इतकं लालभडक झालं. डोळेही लाल, त्यातून पाणी गळतंय.

"पोरगा बीए झाला आन् बापानं आज दुप्पट घेतली बे!" पाटील म्हणाले. पंगत हसली. आबाही हसले.

मी पत्रावळीवरून उठलो. नवा फेटा डोक्यावर होता. म्हणालो, "आबा, पीत नसाल तर भंडारा उचला."

भंडारा म्हणजे देवापुढची हळद. ती मुठीत घेऊन खोटं बोलला त्याचा वंश बुडतो, असं आमच्यात मानतात. ही शपथ घालायची ती मेंढरं पळवल्याचा संशय असलेल्या माणसाला. लेकानं बापाला घातल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पाटलांचाही हात पत्रावळीवर थांबला. "आरं, मी गमतीनं म्हन्लो. ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. पण मीच हट्ट धरला. आपण बापाची अब्रू वाचवतोय, असं मला वाटत होतं.

आबा उठले. देवळातून हळद आणवली, उजव्या मुठीत घेतली. "थेंब शिवला आसंल तर माजा वंस बुडंल," म्हणाले. बोलताना माझ्याकडं बघत होते. त्यांचा वंश म्हणजे मी एकटाच. मग घोंगडं खांद्यावर टाकून मेंढरांकडं गेले. त्या दिवसानंतर ते चावडीवर बसले नाहीत.

मी हैदराबादला माल खात्यात, म्हणजे महसुलात, नोकरीला लागलो. तिशी ओलांडली आणि माझेच गाल लाल व्हायला लागले. कचेरीतला सोबती एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, "क्या साब, रात की उतरी नै?" मी सुपारीसुद्धा खात नव्हतो.

डॉक्टरांनी खिडकीजवळ बसवून तोंड बघितलं. म्हणाले, हा कातडीचा जुनाट विकार आहे, बारीक शिरा फुगतात. दारूनं भडकतो हे खरं, पण कधी न पिणाऱ्यालाही होतो. का होतो, ते आम्हालाही नीट उमगलेलं नाही. मुळातून जात नाही, सांभाळून राहावं लागतं. गंधकाचं मलम दिलं, तोंड घासायची मनाई केली, ऊन, चुलीची धग आणि कढत-तिखट टाळायला सांगितलं. प्रत्येकाचं वेगळं असतं, तुमचं कशानं भडकतं ते तुम्हीच लक्ष ठेवून हुडका, म्हणाले. शेवटी विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे?"

"वडिलांना," मी म्हणालो.

रजा काढून गावी गेलो. आबा बाभळीखाली ओलं फडकं तोंडावर घेऊन पडले होते. मी शेजारी बसून शिकल्या माणसासारखं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"उन्हानं येतं," ते म्हणाले. "खाली मान घालून लोकर कातरली का येतं. कालवण गार करून खाल्लं तर कमी येतं. दोन वरसं ध्यान ठिवलं, तवा कळलं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू इचारलं कुटं? तू भंडारा मागितलास."

मग फडकं बाजूला करून म्हणाले, "दाक्तरनं सांगितलं ते चावडीवर सांगशील का? चार मान्सांत?"

मी हो म्हणालो. पण पाटील तालुक्याला, मोमिनाबादला, गेले होते, रजा संपत आली होती. ही कारणं खरीच होती. पण चावडीवर नुसता रोग सांगून भागलं नसतं, माझी चूक सांगावी लागली असती, आणि आता मी सरकारी माणूस होतो. "दसऱ्याला येतो तेव्हा सांगतो," म्हणालो.

"बरं," आबा म्हणाले.

दसऱ्याच्या आधीच ते तापानं गेले.

तेरावं झाल्यावर मी चावडीवर गेलो. रोगाचं सांगितलं, माझं सांगितलं, काही मागं ठेवलं नाही. पाटील आता म्हातारे झाले होते. त्यांनी माझ्या लाल गालांकडं बघितलं.

"त्यो पीत न्हवता हे आमाला ठावं हुतं रं," ते म्हणाले. "भंडारा उचलायच्या आदीबी ठावं हुतं. आमी आपली मस्करी करायचो. तुला कावून कळलं न्हाई?"

पाटलांनी कुणाला तरी माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं.