डॅनिश शेजारणीचा वन्स मोअर

शॉमबर्ग या अमेरिकन गावात आल्यापासून मला जितके धक्के बसले, त्यांतले निम्मे एकट्या आमच्या डॅनिश शेजारणीने दिले आहेत. उरलेले निम्मे इथल्या थंडीने दिले, आणि त्याच थंडीत ही बाई अनवाणी पायांनी टपालपेटीपर्यंत जाऊन येते. भर दुपारी मेणबत्त्या लावून एकटीच सूप पीत बसते. पहिल्याच भेटीत तिने आम्हाला तिच्या देशातल्या काळ्या, खारट गोळ्या दिल्या. मी चूळ भरायला पळालो. माझ्या आईने मात्र ती गोळी पाचक समजून चवीने चघळली आणि आणखी दोन मागून घेतल्या. तेव्हापासून एकमेकींची भाषा येत नसूनही दोघींचं छान जमलं.

ही बाई गायिका. गाणी ती लिहायची, नवरा गिटार वाजवायचा आणि दोघं मिळून गायची. इतकी हळुवार की मला ऐकता ऐकता डुलकी लागायची. मग एके दिवशी नवरा गिटारीसकट निघून गेला. थोड्याच दिवसांत तिच्या गॅरेजमधून असे काही दणके येऊ लागले की आमच्या कपाटातल्या बशा वाजायला लागल्या. मी भीत भीत चौकशी केली, तर म्हणाली, "आता मी एकटीच गाणार. यंत्रांवर. काळोखी गाणी." आणि मग हळूच, "लोकांसमोर एकदा गाऊन बघते. नाही जमलं तर गाणं बंद."

मला दया आली, आणि दयेच्या भरात मी तिला आमच्या मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात गायला बोलावून बसलो. काळोखी म्हणजे किती काळोखी, हे विचारायचं राहूनच गेलं.

ती काळा झगा, काळी लिपस्टिक अशा थाटात आली आणि आल्या आल्या तिने हॉलचे दिवे बंद करायला लावले. मग जे सुरू झालं, त्याने पहिल्या रांगेतल्या काकूंच्या हातातला मोदक खाली पडला. "अरे यार, तू तर फोक सिंगर म्हणाला होतास!" अध्यक्ष माझ्या कानात ओरडला. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. गाणं संपलं. हॉल चिडीचूप. तेवढ्यात माझी आई उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "वन्स मोअर!" तिला येणारं इंग्रजी एवढंच, तेही संगीत नाटकांतून आलेलं.

शेजारणीचा चेहरा पडला. ती "सॉरी" म्हणाली आणि तेच गाणं पहिल्यापासून गायली, या वेळी जीव ओतून. पोरं नाचायला लागली, टाळ्याही पडल्या. आईने पुन्हा वन्स मोअर दिला. बिचारी रडकुंडीला येऊन तिसऱ्यांदा गायली.

पार्किंगमध्ये तिने मला विचारलं, "माझं नक्की काय चुकत होतं?" मी चक्रावलोच. मग समजावून सांगितलं, की आमच्याकडे गाणं फार आवडलं की असं ओरडतात. ती म्हणाली, "तालमीत नवरा वन्स मोअर म्हणायचा, तेव्हा मी चुकलेली असायचे. इतकी वर्षं." आणि गाडीला टेकून घळाघळा रडायला लागली. आईने काही न विचारता तिला जवळ घेतलं.

आता ती गावोगावी एकटी गात फिरते. गॅरेज महिनोन् महिने बंद असतं. हीच शांतता मी एके काळी देवाकडे मागत होतो, पण संध्याकाळी घरी आलो की चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.