बापूच्या नावाची कमान

बापू गेल्याचा फोन सुमनचा, म्हणजे माझ्या भावजयीचा आला आणि मी धुळ्याहून जळगावला मेहरूणमध्ये पोचेपर्यंत त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागलासुद्धा होता. बापूचा फोटो कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीतून कापलेला, खांद्यावर परका हात तसाच राहिलेला. आणि वर ओळीनं पुढाऱ्यांची तोंडं, त्याच्यापेक्षा मोठी, हसरी. रस्त्याच्या आरपार तो फ्लेक्स इतका खाली बांधला होता की शववाहिका निघाली तेव्हा टपाला घासला आणि ड्रायव्हरला उतरून काठीनं वर धरावा लागला. जन्मभर जो माणूस पुढं जाऊन दुसऱ्यांच्या गाड्यांची वाट मोकळी करत राहिला, त्याचीच वाट या शहाण्यांनी अडवली. मला रडू येत होतं... पण त्याआधी चीड आली. मी त्याची थोरली बहीण, तो मला अक्का म्हणायचा. शाळा सुटली तरी माझी मास्तरणीची जीभ काही सुटलेली नाही, तेव्हा इथं कुणाची भीड ठेवणार नाही.

बापूचं काम काय, हे आमच्या निम्म्या नातेवाइकांना शेवटपर्यंत कळलं नाही. 'ट्रान्सपोर्टमध्ये आहे' म्हणायचे आणि तोंड वाकडं करायचे. पवनचक्कीचं पातं, बॉयलरचं पोट, दीपनगरच्या वीज केंद्रात जाणारा घराएवढा ट्रान्सफॉर्मर, असला अवजड, वेडावाकडा माल कुठल्या रस्त्यानं न्यायचा, हे तो ठरवायचा. माल हलायच्या आधी जीपला एक उंच बांबू उभा बांधून तो सगळा रस्ता हिंडायचा. बांबूचं टोक मालाच्या माथ्याच्या किंचित वर. ते जिथं अडेल तिथं माल अडणार. तार असेल तर वीजवाल्यांकडे जा, फांदी असेल तर शेतवाल्याला विनव. या कामानं त्याला वर बघायची खोडच लागली. माझ्या स्वयंपाकघरात शिरतानासुद्धा दाराशी थांबून चौकटीकडे बघायचा. मी म्हणायची, "अरे, हातात ताट आहे, ट्रेलर नाही." तो हसायचा आणि आत यायचा. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

तारांचं आणि फांद्यांचं तो निभावून न्यायचा. त्याचं खरं वैर कमानींशी. आपल्याकडे गावात गटार नसेल, शाळेच्या मुलींना संडास नसेल, नळाला पाणी नसेल, पण गावाच्या तोंडाशी कमान हवी. वर सिमेंटचे दोन सिंह, मांजरासारखे दिसणारे, आणि कुणाच्या तरी वडिलांचं नाव. घरात नाही दाणा, अन् मला बाजीराव म्हणा. हयातीत ज्या म्हाताऱ्याला सून वेळेवर भाकरी देत नव्हती, तो मेल्यावर रस्त्यावर आडवा होऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला 'सुस्वागतम्' म्हणतो. आणि या कमानी बांधतात किती उंच, तर पुढाऱ्याची गाडी खालून जाईल एवढ्या. त्यापलीकडे जगात काही वाहतूक असते, हे यांच्या गावीही नाही.

आमचं गाव पारोळ्याजवळ. त्या गावालाही कमान होती, सरपंचाच्या वडिलांच्या नावाची. महामार्गावरचा एक पूल कामासाठी बंद झाला, म्हणून बापूनं दीपनगरचा ट्रान्सफॉर्मर आमच्या गावावरून काढायचं ठरवलं. आधी येऊन सरपंचाला भेटला, चहा झाला, वरची आडवी पट्टी काढून पुन्हा होती तशी बसवून द्यायची, हेही ठरलं. मी नेमकी त्या दिवशी चुलतभावाकडे गेले होते, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं. ट्रेलर आला, कमानीपुढं उभा राहिला आणि चहा पिऊन हो म्हणणारे हेच सरपंच माणसं घेऊन आडवे आले. म्हणे आबांचा अपमान होतो. बापूनं परोपरीनं समजावलं. शेवटी सरपंच म्हणाले, "वर आम्हना आबानं नाव शे. पहिले हात जोड, माफी माग, मंग गाडी काढ." माझ्या भावानं बठ्ठ्या गावासमोर, सगळ्यांदेखत त्या सिमेंटच्या मांजरांना हात जोडले. नारळ फोडला. माफी मागितली. लोक मोबाइल वर धरून हसत होते. त्यांत त्याच्याबरोबर शाळेत बसलेलेही होते. मी नंतर त्याला फाडून खाल्लं, "तुला लाज नाही वाटली?" तो जीपवरचा बांबू सोडत होता. म्हणाला, "अक्का, गाडी मागं घेता येत नव्हती." बस, एवढंच. त्यानंतर तो गावात मुक्कामाला कधी राहिला नाही. कामासाठी यायचा, तसाच निघायचा.

पुढं रस्ता रुंद झाला तेव्हा सरकारी जेसीबीनं ती कमान सकाळच्या चहाच्या आत लोळवली. कुणी आडवं आलं नाही. आबांचा अपमान कुणाला आठवला नाही. जेसीबीला हात जोडायला लावता येत नाही ना.

आणि आता शोकसभा. गावातल्या मारुतीच्या पारावर माइक, सतरंजी, आणि तेच सरपंच. म्हणे, "बापूसाहेबांनी गावाचं नाव मोठं केलं." बापूसाहेब... जिता होता तोवर याच तोंडानं 'ए बाप्या'. मग त्यांनी जाहीर केलं की आबांच्या कमानीच्या जागी आता बापूसाहेबांच्या नावाची भव्य कमान उभी राहणार. शोकसभेत टाळ्या वाजल्या. मी उठून बोलणार होते, तेवढ्यात शेजारी सुमनकडे लक्ष गेलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला होता. मी उठलेच नाही.

घरी आल्यावर ती म्हणाली, "अक्का, कुठंतरी यांचं नाव राहील हो. लाइट गेली की लोक शिव्या देतात. लाइट आली की कोण म्हणतं, ती एवढी मोठी पेटी यांनी आणली?" तिचं खोटं नव्हतं. तिचा नवरा आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालाबरोबर रस्त्यावर, आणि ही एकटी मेहरूणच्या घरात. तिला दगडावर का होईना, तो एका जागी उभा हवा होता. पण ज्या जागी त्याला मान खाली घालायला लावली, तिथंच त्याचं नाव आडवं टांगायचं, म्हणजे उद्याच्या गाड्या त्याच्याच नावाला अडणार. हे मला गिळता येईना आणि तिला सांगता येईना.

गावात खांब उभे राहिले आणि सरपंचांनी फोटो मागायला फोन केला. मी सुमनला म्हटलं, "फोटो आपण नेऊन देऊ. बांबूही घेऊ बरोबर." तो बांबू मेहरूणच्या घराच्या कुंपणाला आडवा टेकलेला असायचा, कुठल्याच खोलीत मावत नव्हता. बापूच्या जीपच्या ड्रायव्हरनं तो गावात आणून खांबाजवळ उभा केला. खांब खाली राहिले, बांबू आपला वर चाललेला. सुमन मान वर करून बराच वेळ बघत राहिली.

मी सरपंचांना विचारलं, "एवढीच उंची?"

"आबानी व्हती तेवढीच शे, अक्का. शोभी."

"मग पहिले हात जोड," मी म्हटलं, "मंग बांध."

ते नुसते हसले. त्यांना आठवलं नाही. असल्या माणसांना आठवत नसतं, ते आपल्यालाच धरून बसावं लागतं.

पण सुमनला आठवलं. ते मोबाइलमधलं हसू तिच्यापर्यंत तेव्हाच पोचलं होतं, मला ठाऊक नव्हतं. ती सरपंचांना म्हणाली, "भाऊ, नाव खांबांवर टाका. वर काही बांधू नका."

"वहिनी, वर काही नसलं तर ती कमान कसली?"

"नसू द्या," ती म्हणाली. "यांची गाडी जाऊ द्या."

सरपंचांचं तोंड बघण्यासारखं झालं. पण विधवा बाई चारचौघांत बोलली, आणि निवडणूक जवळ आलेली. तेव्हा मान्य करावं लागलं. आता गावाच्या तोंडाशी नुसते दोन खांब आहेत, दोन्हींवर बापूचं नाव, मधे मोकळं. पाहुणे विचारतात, काम अर्धवट राहिलं का. गावकरी ओशाळून काहीबाही सांगतात. सांगू देत. बांबू पुन्हा मेहरूणला कुंपणाशी आहे आणि सुमन त्यावर साड्या वाळत घालते.

परवा चुलतभावाकडे जायला निघाले होते. एसटीतून उतरून त्या खांबांपाशी आले आणि पाय आपसूक थांबले. मान वर गेली. बघून घेतलं... वर काही अडत नव्हतं. मग मी आत गेले.