सोमवारची गोळी

सर्व संबंधितांस, म्हणजे चाळीतल्या समस्त सुनांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की आमच्या घरी देवधर्म आणि कुटुंबनियोजन ही दोन्ही खाती एकाच मंत्र्याकडे होती. मंत्री म्हणजे माझी थोरली जाऊ.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. विक्रोळीच्या चाळीत मी नवी सून होते आणि एका कंपनीत टायपिस्ट. नोकरी कायम व्हायला पाच महिने उरले होते. त्याआधी पोट दिसलं तर कायमचं पत्र विसरा, हे साहेबांनी न सांगताही कळत होतं. नवऱ्याला पटलं होतं. सासूबाईंना सांगायची छाती दोघांचीही नव्हती. मग जावेनेच शिकेकाईच्या डब्यातून कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांचं पाकीट काढून मला दीक्षा दिली.

"पाळीच्या पाचव्या दिवशी सुरू. रोज सकाळी चहाबरोबर एक. आधी पांढऱ्या एकवीस, मग तपकिरी सात. आणि उपासाला नाही हं."

"वहिनी, उपासाला औषध चालतं ना?"

"आजारी माणसाला चालतं गो. तू आजारी आहेस?"

"मग संध्याकाळी, उपास सोडल्यावर?"

"सकाळची पूजा संध्याकाळी करतेस काय?"

मी सगळे सोमवार आणि संकष्ट्या गोळीविना पाळल्या. अठ्ठावीस गोळ्यांचं पाकीट मला तेहेतीस दिवस पुरायचं. मला वाटायचं, माझ्या हाताला बरकत आहे!

तिसऱ्या पाकिटाला तपकिरी गोळ्या संपल्या, तरी पाळी आली नाही. एक दिवस, चार दिवस, नऊ दिवस. मला एका जागी बसवेना. ऑफिसात एकच पत्र तीनदा टाइप केलं. घरी बोंबील तळले की नाक पुढे करून हुंगायची, मळमळतंय का बघायला, आणि मळमळायचंच! येता-जाता भिंतीवरच्या कॅलेंडरापुढे उभी.

"सारखं काय बघतेस गं?" सासूबाई म्हणाल्या. "एकादशी पळून जातेय की काय?"

दहाव्या दिवशी जावेला घेऊन घाटकोपरचा दवाखाना गाठला. विक्रोळीचा कंपाउंडर आमच्याच आळीतला; त्याला कळलं म्हणजे भजनी मंडळाला कळलं. सकाळची लघवी औषधाच्या बाटलीत, बाटली रुमालात, रुमाल डब्याच्या पिशवीत. बाटली आत गेली आणि मी बाकावर तासभर चप्पल काढत-घालत बसले. जाऊ शेजारी गणपतीचा जप करत होती. तिचा हक्कच होता. दोन मुलांवर, गोळ्या चालू असताना, तिला धाकटी झाली होती. "संकष्ट्या केल्या, त्याचा प्रसाद," असं ती अख्ख्या चाळीला सांगायची.

सिस्टर कागद घेऊन बाहेर आली. "काही नाहीये. घाबरू नका."

माझा जीव भांड्यात पडला. कायमचं पत्र डोळ्यांपुढे नाचायला लागलं.

"पण गोळ्या घेता कशा?"

मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. सोमवार, संकष्टी, सगळं. सिस्टरने कपाळाला हात लावला.

"अहो बाई, उपास तुमचा, गोळीचा नाही! तिला एक दिवसही रजा नसते. एक राहिली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची, पुढची ठरलेल्या वेळी. जास्त राहिल्या तर मालकांना निरोध वापरायला सांगा आणि इथे येऊन विचारा. एवढे सोमवार सोडून तुम्ही सुटलात, हे नशीब. असे उपास करून पोरं झालेल्या कितीतरी येतात माझ्याकडे."

जप थांबला. जाऊ बोटांवर काहीतरी मोजत होती. मोजता मोजता तिचा चेहरा पडला आणि भरल्या दवाखान्यात ती ओरडली,

"अगो बाय! मग मी एकवीस मोदक कोणाला चढवले?"