मयत यादीवरचा थांबा

आमच्या दूध संघाच्या शिरोलीतल्या ऑफिसात सभासदांच्या नोंदी अजून जुन्या मेनफ्रेम संगणकावर आहेत. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, आणि मी नवीन होते तेव्हा त्यासमोर आमचे जुने कारकून बसायचे. दोन बोटांनी धडाधडा टाइप करायचे, एंटर मात्र अंगठ्याने. मयत सभासदाची नोंद बंद करताना तो अंगठा थांबायचा. नाव आणि गाव मोठ्यानं वाचून मगच एंटर दाबायचे.

नोंदींचं हे सगळं काम आपोआप व्हावं म्हणून मी माझ्या डेस्कटॉपवर स्क्रिप्ट, म्हणजे त्यांच्यासारखंच टाइप करणारा छोटा प्रोग्राम लिहिला. पहिल्या दिवशी ती मयत यादीतल्या नोंदी पडद्यावर भराभर बंद करू लागली. ते शेजारी खुर्ची ओढून बघत होते. एकदम ओरडले, "थांबवा म्याडम! ह्यो म्हातारा जित्ता हाय की! सकाळीच गेटवर च्या पिलाय माझ्यासंगं!"

यादीतल्या सभासद क्रमांकाचा एक आकडा मी चुकवला होता. मी, जी बाजारालाही यादीशिवाय जात नाही.

"बाकीचं पळू दे," ते म्हणाले. "एवढ्या यादीला थांबा ठेवा. जाणाऱ्याचं नाव कुणीतरी वाचाय नको व्हय?"

ते निवृत्त झाले. स्क्रिप्ट मी कितीदा सुधारली, तो थांबा तसाच ठेवला. आजही मयत यादी आली की ती थांबते. मी नाव वाचते, गाव वाचते आणि एंटर दाबते. अंगठ्याने.