मालकाच्या तोंडून

पन्नाशी उलटल्यावर मी आयुष्यात प्रथमच स्वतःच्या पसंतीने घर निवडले, तेही भाड्याचे. पनवेलच्या एसटी स्टँडपासून चालत जाता येईल अशा इमारतीत, पहिल्या मजल्यावर. खिडकीतला उजेड पाहून मी होकार दिला होता; झोपण्याच्या खोलीखालीच पाण्याचा पंप बसवलेला आहे, हे पहिल्याच पहाटे समजले. टाकी भरायला पंप सुरू झाला की पलंग, कपाटातले काचेचे पेले आणि माझे दात एकाच लयीत थरथरत.

बरेच महिने सोसल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींना मी अत्यंत सौजन्याने हे सांगितले.

"मॅडम, तुम्ही भाडेकरू. मीटिंगमध्ये फक्त मेंबर बोलतो. मालकांना पाठवा."

करार संपत आला होता. पंप असाच राहिला, तर मला हे घर सोडावे लागणार होते, आणि ते मला सोडायचे नव्हते.

मालक जवळच्याच नेरे गावचे शेतकरी. इमारतीखालची जमीन त्यांच्या घराण्याची; तिच्या बदल्यात मिळालेला हा फ्लॅट. फोनवर ते म्हणाले, "ताई, येतो मी. पन मला त्यांच्यासारखं बोलता नाय येत. तुमी बाजूला बसा. तुमी सांगा, मी बोलतो."

पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सभा भरली. मी त्यांच्या कानाशी पुटपुटले, "पंपाखालचे रबर झिजल्यामुळे कंपने भिंतीत उतरतात."

"पंपाखालचा रबर गेलाय," मालक खणखणीत आवाजात म्हणाले. "सगळी बिल्डिंग हालते."

"सगळी नाही, माझीच खोली."

"सगळी नाय. ताईंचीच."

हशा पिकला. मागून कोणीतरी म्हणाले, "काका, ताईंनाच बोलू द्या की. सगळं दोनदा कशाला ऐकायचं?"

"नियम आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"मग ऐका दोनदा," मालक शांतपणे म्हणाले.

सेक्रेटरींनी चष्मा पुसला. "आधीच्या भाडेकरूंनी कधी तक्रार केली नव्हती."

मालकांनी माझ्याकडे पाहिले. मी पुटपुटले नाही. उठून उभी राहिले.

"आधीचे भाडेकरू वर्षही पूर्ण न करता गेले, हे मला शेजाऱ्यांकडून कळले. ते का गेले, असे त्यांना कोणी विचारले होते का? आत्ता पंप लावा, आणि वर येऊन भिंतीला हात लावून पाहा."

वाक्ये मनात जुळवलेली नव्हती, तरी सरळ आली. नियमाची आठवण कोणी करून दिली नाही.

सेक्रेटरी माझ्या दारात चपला काढून आत आले. खाली पंप सुरू झाला. त्यांनी एक तळहात भिंतीवर टेकवला आणि दुसऱ्या हाताने, नकळत, पेल्यांचे किणकिणणे थांबवायला कपाट दाबून धरले.

"हे रोज?"

"रोज."

त्याच आठवड्यात पंपाखालचे रबर बदलले. पंपाचा आवाज अजून येतो; पण आता तो खालूनच येतो, भिंतीतून नाही. त्यात झोप लागते.

नव्या कराराची कागदपत्रे घेऊन मालक आले, तेव्हा सही करण्याआधी मी त्यांना न्हाणीघरात नेले आणि गळका नळ दाखवला.

"हा सोसायटीचा नाही. हा तुमचा."

त्यांनी नळ घट्ट पिळून पाहिला. पाणी ठिबकतच राहिले.

"बदलून देतो," ते म्हणाले. "याला मीटिंग नाय ना लागत?"