मेला एक, बोलला दुसरा

कुणी 'आपोआप बिघडलं' म्हटलं की "आपोआप?" एवढंच विचारून तो चष्म्यावरून बघायचा, आणि समोरच्याला न केलेली चोरीही कबूल करावीशी वाटायची.

जालन्यातल्या आमच्या चार टेबलांच्या ऑफिसात आम्ही वजनकाट्यांसाठी प्रोग्रॅम लिहायचो. माझ्या हाताखालचा हा टेंभुर्णीचा गडी जगात कुणावरच विश्वास ठेवत नसे. फोन उचलून गप्प बसायचा. आधी पलीकडच्यानं बोलायचं. ऑफिसचं कुलूप तीनदा ओढायचा, आणि वर मला म्हणायचा, "सर, तुम्ही बी एकदा ओढा. माझा माझ्यावर भरोसा न्हाई."

एकदा जाफराबादकडच्या एका कापसाच्या जिनिंगमधला आमचा प्रोग्रॅम सारखा बंद पडू लागला. पडद्यावर यायचं : 'बटणांत बिघाड.' बटणं दाबायची काट्यावरची ताई. जिनिंगचे शेठ म्हणाले, सोमवारपासून तिला घरी बसवतो. मी मान डोलावली. प्रोग्रॅम माझा, तो चुकेल कसा?

"ताईला चुकताना पाह्यलं का तुम्ही?" यानं विचारलं.

"संदेशच सांगतोय ना!"

"त्या संदेशावरच माझा शक हाय."

आता गंमत ऐका. त्या प्रोग्रॅममध्ये बटणं, वजन, पावती, नोंद अशी चार कामं एकाच वेळी चालायची. अशा कामांना आम्ही थ्रेड म्हणतो. कुठलाही थ्रेड कोसळला तरी संदेश लिहायचं काम मी बटणांच्या थ्रेडला दिलं होतं, आणि तो बिचारा दर वेळी स्वतःचंच नाव लिहायचा.

"मेला एक, अन् बोलून राह्यला दुसरा!" त्यानं टेबलावर थाप मारली. "असा पंचनामा असतो का, सर?"

शुक्रवारी त्यानं संदेश बदलला. कोसळणाऱ्यानंच आपलं नाव सांगायचं, हातातलं काम सांगायचं, आणि त्या घटकेला बाकीचे तिघं काय करत होते तेही. शनिवारी दुपारी प्रोग्रॅम पुन्हा बंद पडला, आणि पडद्यावर उमटलं : 'पावती कोसळली. काम : गाडीचा नंबर छापणे. नंबर वजनाने आधीच पुसला. बटणे : कोणी दाबली नाहीत.'

पावतीचा थ्रेड मी लिहिलेला. वजनाचाही मीच.

"गुपचूप दुरुस्त करू," मी हळूच म्हणालो.

त्यानं फोन माझ्यापुढे सरकवला. "शेठला लावा. स्पीकरवर."

"चूक प्रोग्रॅमची होती, शेठ," मी म्हणालो. यानं बोट माझ्या छातीशी आणलं. "म्हणजे... माझी."

शेठ म्हणाले, ताई राहील. याचा विश्वास? बिलकुल नाही! सोमवारी मला जीपमध्ये कोंबून तो थेट जिनिंगवर घेऊन गेला. खिडकीत ताई दिसल्या, कापसाची पहिली गाडी काट्यावर चढली, पावती निघाली. हा फाटकातूनच परत फिरला.

पुढं तो पुण्याला गेला. त्या दिवाळीत ताईंनी मला डबाभर शंकरपाळे पाठवले. त्यांना वाटतं, नोकरी मी वाचवली. मी ते एकट्यानं खाल्ले. घशाखाली जरा सावकाशच उतरले.